दोन वर्षांची लेक आणि विलायतेची बोट



मागच्या महिन्यात आमच्या बैठकीला एक ताई जरा उशिरानेच आल्या आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिल्या. पेनूरकडच्या. शिलाईवर घर चालवतात, पदरी दोन मुलं, थोरली मुलगी सातवीत आणि धाकटा मुलगा तिसरीत. त्यांचा भाऊ दुबईला कामाला आहे. त्याने फोन करून सांगितलं होतं, ‘‘अक्का, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन ये. अर्धं तिकीट माझं, अर्धं तुझं.’’ अक्कांनी वर्षभर ब्लाउज शिवून आपला अर्धा वाटा जमवला. मग पासपोर्ट काढून देणाऱ्या एका एजंटाकडे गेल्या. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘पोरांचा बाप कुठाय? त्याच्या सहीशिवाय पोरांचा पासपोर्ट होत नाही.’’ बाप सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. त्याचा पत्ताही कुणाला माहीत नाही. मग एजंट म्हणाला, ‘‘करू काहीतरी, पण पैसे लागतील.’’

अक्का आम्हाला म्हणाल्या, ‘‘माझं राहू द्या. पोरांनी इमान आतनं बघितलं असतं, एवढंच.’’

त्या ‘एवढंच’ने आम्हाला झोप येईना. लेकरांना घेऊन परदेशी जायचं तर बाईला कुणाकुणाची परवानगी लागते, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मराठी मुलखात तो दीडशे वर्षांमागे जातो. म्हणून आजच्या भाषणात आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत. सुरुवात एका विधवा आईपासून आणि तिच्या दोन वर्षांच्या लेकीपासून.

साल १८८३. तारीख २० एप्रिल. पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला जायला बोटीवर चढल्या. वय पंचवीसला तीन दिवस कमी. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण, आणि लेक मनोरमा. मनोरमेचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. म्हणजे पोरीला दोन वर्षं पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते. नवरा, बिपिनबिहारी मेधावी, फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने गेला होता. आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, भाऊही गेला. अशा वेळी एखादी बाई दुसऱ्याच्या दारात कोपरा धरून बसली असती. या बाईने प्रवासाची तयारी केली.

कशी केली ते नीट ऐका, कारण आपण आज करतो ती तयारी यापेक्षा फार वेगळी नाही.

पहिला प्रश्न पैशाचा. रमाबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं मराठी पुस्तक लिहिलं होतं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून बोटीचं भाडं उभं राहिलं. दुसरा प्रश्न राहण्याजेवणाचा. इंग्लंडात वॉन्टेज नावाच्या गावी ख्रिस्ती सिस्टरांचा मठ होता, त्यांची शाखा पुण्यात होती. रमाबाईंनी त्यांच्याशी बोलणं केलं, की मी तुमच्या हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवीन, त्याबदल्यात आम्ही तिथे राहू. फुकट काही नको. तिसरा प्रश्न, जायचं कशाला? त्यांना वैद्यकी शिकायची होती. आदल्याच वर्षी सरकारी शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सांगितलं होतं की आपल्या बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात. आणि चौथा प्रश्न लेकीचा. तिला मागे कुणाकडे ठेवायचं हा विचारच नव्हता. लेक सोबत जाणार.

त्या काळात समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मानणारे लोक गावोगाव होते. परदेशातून आलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यायला लावत, पंक्तीतून उठवत. हे पुरुषांचं. बाईने, तेही विधवेने, तान्ह्या लेकीला घेऊन जायचं म्हटल्यावर काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना आपल्या गावात राहणाऱ्या बाईला वेगळी सांगायला नको.

त्याच महिन्यात आणखी एक मराठी बाई बोटीवर होती. कल्याणची आनंदीबाई जोशी. ती ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. वय अठरा. तिचं बाळ जन्मल्यावर दहा दिवसांत गेलं होतं, आणि त्या दुःखातूनच तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. निघण्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात तिने जाहीर भाषण करून लोकांच्या शंकांना उत्तरं दिली. एकटी का जातेस, इथे राहून शिकता येत नाही का, जातीतून बाहेर टाकलं तर काय करशील. मैत्रिणींनो, एक बाळ गमावलेली आई आणि एक बाळ कडेवर घेतलेली आई, दोघी एकाच महिन्यात दोन दिशांना निघाल्या. लोकांनी दोघींना विचारलं ते एकच, ‘कुणाला विचारून चाललीस?’

रमाबाई साधारण चार आठवड्यांनी इंग्लंडला पोहोचल्या. पण पोहोचणं म्हणजे सगळं सुरळीत होणं नव्हे. काही महिन्यांतच सोबतच्या आनंदीबाई भगत यांचा तिथे दुर्दैवी अंत झाला. ऐकू कमी येत असल्याने रमाबाईंचं वैद्यकीचं स्वप्न राहून गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लेकीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून इकडे महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. लेकीचा बराच काळ मात्र वॉन्टेजला, सिस्टर जेराल्डिन यांच्या देखरेखीत गेला.

आणि इथे खरी ओढाताण सुरू झाली. पोरीला काय शिकवायचं, कुठल्या वळणाने वाढवायचं, हे कोण ठरवणार? सांभाळणाऱ्या सिस्टर, की आई? सिस्टरांचा जीव होता पोरीवर, यात शंका नाही. पण रमाबाईंनी पत्रांतून ठाम सांगितलं, की माझी लेक हिंदुस्थानचीच राहिली पाहिजे, आपल्या माणसांची लाज वाटणारी मेमसाहेब व्हायला नको, आणि तिच्याबद्दलचा शेवटचा शब्द माझा. ही पत्रं जपून राहिली आणि १९७७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. ती वाचताना आम्हाला राहून राहून वाटलं, की ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, त्यांनाच ‘नाही’ म्हणायला केवढं धैर्य लागत असेल. स्वतः रमाबाई तिकडेही शाकाहारीच राहिल्या. थंडीच्या देशात, पाहुणी म्हणून राहताना, दर जेवणाला ते सांभाळायचं, हेही सोपं नव्हतं.

१८८६ च्या फेब्रुवारीत मायलेकी अमेरिकेला निघाल्या. कारण होतं आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. जायचं होतं थोडक्यासाठी, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. काही महिन्यांनी त्यांनी मनोरमेला परत इंग्लंडला सिस्टरांकडे पाठवलं आणि स्वतः अमेरिकाभर भाषणं देत फिरल्या, आपल्याकडच्या बालविधवांसाठी शाळा काढायला मदत उभी केली. ज्या आईने लेकीला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, तिलाच ती दूर ठेवावी लागली. आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत. थोर बाईच्या गोष्टीतून असा दुखरा भाग गाळायची आपल्याला सवय आहे. पण नोकरीपायी लेकरं आजीकडे ठेवणाऱ्या, ऊसतोडीला जाताना पोरगी शाळेसाठी मागे ठेवणाऱ्या बायकांना हा भाग आधी कळेल.

रमाबाईंनी परदेशातून काय आणलं? अमेरिकेत त्यांनी बालवाडीची पद्धत शिकून घेतली. खेळातून, वस्तू हाताळून मुलांना शिकवायचं, ही त्या काळी आपल्याकडे नवीन गोष्ट. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक निघालं. तिथली शाळा, घर, बायकांच्या संस्था, सगळं आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी.

आणि मनोरमा? ती मोठी होऊन आईच्या कामात आली. १९१२-१३ च्या सुमारास तिने गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. रमाबाईंचं मुक्ती सदन दौंडजवळ केडगावला. तिथून गुलबर्ग्याला जायची रेल्वे दौंड, कुर्डुवाडी, मोहोळ, सोलापूर अशी जाते. ही लाइन आपल्याकडून सोलापूरला पोहोचली ती १८६० सालात. म्हणजे दोन वर्षांची असताना समुद्र ओलांडलेली ती पोर मोठेपणी आपल्या शाळेकडे जायची, ती वाट आपल्याच मोहोळ स्टेशनावरून जाते. मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या.

रमाबाईंच्या सगळ्या तयारीत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे पासपोर्ट. तेव्हा भाडं भरलं की बोटीवर चढता येई. अडवायचे ते जातवाले आणि भाऊबंद. सरकारी कागदाची पद्धत आपल्याकडे रुजली ती पहिल्या महायुद्धानंतर. पासपोर्टचा कायदा आला १९२० साली.

मधल्या काळात बोटींचीही गोष्ट बदलत होती, आणि त्यात सोलापूरचा माणूस होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. विलायतेच्या समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांचं राज्य. वालचंदांनी भागीदारांसह सिंधिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही देशात ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. विमानाचं म्हणाल, तर ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. जिथे चार आठवडे लागत, तिथे माणूस दीड-दोन दिवसांत पोहोचू लागला.

सोलापूरचेच दुसरे प्रवासी डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. चार महिन्यांत, ९ डिसेंबरला, डॉक्टर वारले. क्वोताई पुढे भारतात अनेकदा येऊन गेल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. लेकराच्या नावात दोन देश बांधून ठेवणारं ते कुटुंब. सोलापुरातलं कोटणीस स्मारक बघायला मुलांना घेऊन जा. परदेशाची पहिली ओळख करून द्यायला मोहोळहून तासाभराच्या आत ते आहे.

देश स्वतंत्र झाला, विमानं आली, तरी साध्या घरातली माणसं परदेशी सहलीला जात नव्हती. एक तर पैसा, आणि पैसा असला तरी तो बाहेर नेता येत नव्हता. देशाकडे परकी चलनाची टंचाई. साठ-सत्तरच्या दशकात शिकायला गेलेली मंडळी खिशात आठ डॉलर घेऊन गेल्याचं आजही सांगतात. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्याने बंधनं आणखी कडक केली. आपली सुट्टी म्हणजे मामाचं गाव, नागनाथाची यात्रा, पंढरीची वारी, फार तर काशी. बाई घराबाहेर पडे ती माहेरपणाला, बाळंतपणाला किंवा देवाला. नुसतं बघायला, मुलांना दाखवायला म्हणून जायचं, हे कारण घरात कुणी धरत नव्हतं. तरी परदेशाची प्रवासवर्णनं वाचनालयातून आणून बायकांनी वाचली. १९६० साली पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ आलं आणि न गेलेल्यांनीही युरोप पाहिला.

१९९१ नंतर दारं किलकिली झाली. १९९९ चा नवा परकीय चलन कायदा २००० पासून लागू झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायची मोकळीक दिली, आज ती अडीच लाख डॉलर आहे. केसरीसारख्या मराठी सहल कंपन्या ऐंशीच्या दशकापासून होत्याच. मराठी बोलणारा टूर लीडर आणि ताटात वरणभात, यामुळे कितीतरी घाबऱ्या आज्या सिंगापूर बघून आल्या. आणि मोहोळ तालुक्यातली पोरं पुण्याहून दुबई, लंडन, अमेरिकेत पोहोचली तसं बोलावणं उलट्या दिशेने येऊ लागलं. आई ये, अक्का ये, पोरांना घेऊन ये.

आता परत आपल्या अक्कांकडे येऊ. त्यांना अडवत होता तो कागद. म्हणून कागदाचा इतिहासही जाणून घ्यायला हवा.

१० एप्रिल १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि सरकारने मनाला येईल तसा पासपोर्ट नाकारता कामा नये. त्यामुळे सरकारला त्याच वर्षी जूनमध्ये नवा पासपोर्ट कायदा करावा लागला. तोच आजही चालतो. एकेकाळी लहान मुलांची नावं आईबापाच्या पासपोर्टावरच चढवत. आता तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षं किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं साल २०१६. त्या डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलले. अर्जात आई किंवा वडील, दोघांपैकी एकाचं नाव दिलं तरी पुरतं. एकटी आई मुलांसाठी अर्ज करू शकते. दुसऱ्या पालकाची संमती का मिळाली नाही, हे ठरलेल्या नमुन्यात साध्या कागदावर स्वतः लिहून सही करून द्यायचं. त्याला नोटरी लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. मुलांच्या ताब्याबद्दल कोर्टात खटला चालू असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे वकिलाला विचारावं. पण सोडून गेलेल्या नवऱ्याच्या सहीवाचून लेकरांचा पासपोर्ट होतच नाही, हे खोटं आहे. ज्याने सांगितलं त्याला ते माहीत नव्हतं, की माहीत असून सांगायचं नव्हतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

आम्ही तिघीजणी अक्कांबरोबर बसलो. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरून भरला आणि वेळ घेतली सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची. खरी अडचण भलतीकडेच निघाली. धाकट्याच्या जन्माच्या दाखल्यावर नावच नव्हतं. बाळाची नोंद वेळेवर झाली होती, पण बारशानंतर नाव चढवायला कुणी गेलंच नव्हतं. असं नाव पंधरा वर्षांपर्यंत चढवता येतं. ते आधी करून घेतलं. मैत्रिणींनो, परदेशी जायचं असो वा नसो, आज घरी गेल्यावर लेकरांचे दाखले काढून बघा. नाव आहे का, आईचं नाव बरोबर आहे का, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर तेच आहे का. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर पासपोर्टाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

बाकी तयारी रमाबाईंच्याच चार प्रश्नांची. पैसा कुणाचा, हे आधी स्पष्ट करून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर मान खाली घालावी लागत नाही. अक्कांनी अर्धं तिकीट स्वतःचं ठेवलं, ते आम्हाला फार आवडलं. राहायचं कुठे आणि किती दिवस, हे भावजयीलाही विचारून ठरवा, फक्त भावाला नको. मुलांचं जेवण, औषध, डॉक्टरची चिठ्ठी जवळ असू द्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यायची तर त्या देशात काय चालतं ते आधी बघा. एकट्या आईने मुलांचे जन्मदाखले आणि संमतीबद्दलचा कागद सोबतच्या पिशवीत ठेवावा, कारण काही देशांत विचारतात. आणि शेवटचा प्रश्न, मुलांचं कोण ठरवणार. चार नातेवाईक चार गोष्टी सांगतील. ऐकून घ्या, पण शेवटचा शब्द आईचा, आणि त्याआधी एकदा मुलांनाही विचारा. मनोरमेला कुणी विचारलं नव्हतं, ती दोन वर्षांची होती. आपली मुलं बोलती आहेत.

दोन्ही पासपोर्ट गेल्या आठवड्यात पोस्टाने आले. अक्कांनी ते बैठकीत आणून सगळ्यांच्या हातात दिले. आईच्या नावाच्या ओळीत अक्कांचं नाव होतं आणि त्या त्यावरून बोट फिरवत होत्या. तिकीट अजून काढायचं आहे, व्हिसा व्हायचा आहे, मुंबईपर्यंत जायचं कसं तेही ठरायचं आहे. धाकट्याला मात्र एकच शंका होती. त्याने आईला विचारलं, ‘‘म्हणजे आपण मामाच्याच गावाला चाललोय ना?’’

होय बाळा, मामाच्याच गावाला. फक्त या वेळी समुद्र ओलांडून.